दुधाचा खाडा लिहितो, पाळीचा नाही

आमच्या माहेरच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी कॅलेंडर लटकलेलं असायचं. दुधाचे खाडे त्यावर, गॅसची टाकी कधी लावली ते त्यावर, मावशींच्या सुट्ट्यांच्या फुल्याही त्यावर. महिनाअखेरीला आई त्याच्यासमोर उभी राहून दूधवाल्याशी अर्ध्या लिटरवरून हुज्जत घालायची आणि जिंकायची, कारण तिच्याकडे पुरावा असायचा. त्याच घरात आम्ही तिघी बायका होतो. आमच्या पाळीची तारीख त्या कागदावर उमटायची ती फक्त गणपतीच्या महिन्यात, पेन्सिलीने, गौरी कोण बसवणार हे ठरवण्यापुरती. गौरी उठल्या की खोडरबराने पुसली जायची.

दूध एक दिवस आलं नाही तर चौकशी होते. मुलीची पाळी तीन महिने आली नाही तर एक तर घरात कुणाला कळत नाही, किंवा कळलं की आकाश कोसळतं. या दोन्हींच्या मधे जी साधी, शांत चौकशी हवी, ती आपल्याला अजून जमलेली नाही, असं माझं मत आहे.

गोम आपल्या भाषेतच आहे. पाळी आली हे सांगायला मराठीत केवढी शब्दसंपत्ती: कावळा शिवला, अडचण आहे, बाहेरची झाले, बाजूला बसले, आणि आता पिरियड्स, डेट. आली नाही याला मात्र सर्रास एकच क्रियापद, ‘चुकली’. आणि पाळी चुकली म्हणजे काय, हे ऐकणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं. लग्न झालेलीची चुकली तर ‘काही विशेष?’ म्हणून हसणार, न झालेलीची चुकली तर आई दाराची कडी लावून विचारणार. त्यामुळे कॉलेजातली मुलगी हे वाक्य उच्चारतच नाही. ती मैत्रिणीला सांगते, मैत्रीण मोबाईलवर शोधते, आणि दोघी मिळून तीळ-गूळ, ओवा, कच्ची पपई यांच्या नादी लागतात.

गेल्या दहा-बारा वर्षांत आपण पाळीबद्दल बोलायला शिकलो, हे मान्य केलंच पाहिजे. २०१८ च्या जुलैत सॅनिटरी पॅडवरचा १२ टक्के जीएसटी गेला. त्याच वर्षी महाराष्ट्रात अस्मिता योजना आली, जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना आठ पॅडचं पाकीट पाच रुपयांत देणारी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत १५ ते २४ वयाच्या ५७.६ टक्के मुली पाळीत स्वच्छ साधनं वापरत होत्या; पाचव्या फेरीत हा आकडा ७७.३ वर गेला. रजेचा वाद तर जोरात चालू आहे. बिहारने १९९२ मध्येच महिन्याला दोन दिवस दिले होते हे आठवून आपण भांडतो. हे सगळं हवंच. पण यातली प्रत्येक चर्चा आलेल्या रक्ताची आहे: ते कशाने टिपायचं, कुठे टाकायचं, त्या दिवशी कामावर यायचं की नाही. जी पाळी आलीच नाही, तिला ना पॅड लागतं ना रजा, म्हणून तिच्यासाठी ना योजना ना वाद.

खरं तर डॉक्टरांनी पाळीला नाडी, ताप, रक्तदाब यांच्या पंगतीत बसवलेलं आहे. तरुण मुलीच्या शरीरात काय चाललंय याची ती दर महिन्याला येणारी खबर. पण खबर वाचायची तर साधारण काय असतं हे ठाऊक हवं, आणि तिथेच आपली गडबड आहे. घरोघरी अठ्ठावीस दिवसांचं प्रमाण मानतात. प्रौढ बाईचं चक्र २१ ते ३५ दिवसांचं असू शकतं. नुकतीच पाळी सुरू झालेल्या मुलीचं ४५ दिवसांपर्यंत लांबलं तरी ते नेहमीचंच. पहिली एक-दोन वर्षं मेंदूतला हायपोथॅलॅमस, त्याच्याखालची पिट्युटरी आणि बीजकोश यांचं एकमेकांशी नीट जमलेलं नसतं. बीज दर महिन्याला बाहेर पडत नाही आणि पाळी पुढेमागे होते. तेरा वर्षांच्या मुलीची पाळी चाळीस दिवसांनी आली म्हणून तिला दवाखान्यात फरफटत नेणं हा अडाणीपणा. आणि पाळी आधी येत असून मग सलग नव्वद दिवस आली नाही, किंवा पंधरा पूर्ण झाली तरी सुरूच झाली नाही, तरी ‘आमच्या घरात उशिराच येते’ म्हणून बसून राहणं हा दुसरा अडाणीपणा. पहिला शहरात जास्त दिसतो आणि दुसरा गावात, असं मला पूर्वी वाटायचं. आता वाटत नाही.

मी तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात बरीच वर्षं शिकवलं. तिथल्या दोन मुली मला आठवतात. दोघींची पाळी बंद होती, आणि दोघींना घरच्यांनी, शेजाऱ्यांनी, एका डॉक्टरांनीसुद्धा एकच सल्ला दिला होता: जरा व्यायाम कर, तेलकट-गोड बंद कर.

पहिली पोलीस भरतीची तयारी करणारी. पहाटे साडेचारला ग्राउंडवर, आठशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक. आठशे मीटर २ मिनिटं ५० सेकंदांत मारायचे म्हणून वजन उतरवायच्या मागे लागलेली. सकाळी चहा-बिस्किट, दुपारी डब्यातली एक भाकरी, रात्री ‘भूक नाही’. सात महिने पाळी नव्हती. मी हळूच विचारलं तर म्हणाली, “मॅडम, बरंच आहे ना, ग्राउंडला अडचण नाही.” तिच्या वहीत रोजच्या धावण्याची वेळ सेकंदासकट लिहिलेली होती. शेवटची पाळी कधी आली होती, तर “दिवाळीच्या आसपास असेल”.

दुसरी अंगाने भरलेली. मानेवर मखमलीसारखा काळपट पट्टा. आई तो मळ समजून बेसन लावून घासायची. हनुवटीवर केस, म्हणून ती दर पंधरा दिवसांनी गावातल्या पार्लरमध्ये जायची आणि वर्गात ओढणी हनुवटीपर्यंत ओढून बसायची. तिचीही पाळी चार-चार महिने नसायची, आणि आली की पंधरा दिवस थांबायची नाही.

बाहेरून पाहिलं तर तक्रार एकच. आतली गोष्ट अगदी उलटी. पहिलीच्या शरीराने हिशोब केला होता. घरात जेवढं येतंय त्याहून जास्त पळण्यात खर्च होतंय, मग हा महिन्याचा खर्च परवडणार नाही. पाऊस नसताना शहाणा शेतकरी पेरणी थांबवतो, तसं मेंदूने बीजकोशाला निरोप पाठवणंच थांबवलं होतं. यात आजार कुठल्या एका अवयवाचा नसतो, म्हणून सोनोग्राफीत काही सापडत नाही आणि सगळे म्हणतात, टेन्शन घेऊ नकोस. पण इस्ट्रोजेन हे बीजकोशाचं संप्रेरक, म्हणजे हार्मोन, कमी पडलं की हाडं भरायची थांबतात, आणि हाडं भरायचं वय नेमकं हेच. तिची नडगी दुखायची. मैदानावरचे सर म्हणायचे, सवय होईल. तिला व्यायाम वाढव आणि खाणं कमी कर सांगणं म्हणजे दुष्काळात सारा वाढवणं.

दुसरीच्या शरीरात इन्शुलिन असून ते नीट लागू पडत नव्हतं. ते वाढलं की बीजकोशात पुरुषी संप्रेरकं वाढतात, बीज पिकत नाही, बाहेर पडत नाही. मग गर्भाशयाचं अस्तर ज्याच्या इशाऱ्यावर गळून पडायचं ते प्रोजेस्टेरॉन तयारच होत नाही. अस्तर वाढत राहतं आणि कधीतरी कसंही ढासळतं. म्हणून आधी चार महिने काही नाही, मग पंधरा दिवस थांबत नाही. हिच्यासाठी चालणं, वजन, गोड कमी करणं हा सल्ला खराच उपयोगी होता. मानेवरचा तो काळपट पट्टा घासून जाणारा नव्हता. साखरेचा रक्ततपास कर असं सांगणारी ती पाटी होती.

याशिवाय थायरॉईड आहे. प्रोलॅक्टिन, म्हणजे अंगावर दूध आणणारं संप्रेरक, वाढणं आहे; मानसिक आजारावरच्या काही औषधांनी ते वाढतं, आणि त्या गोळ्या चालू आहेत हे मुलगी लाजेपोटी सांगत नाही. गर्भाशयाचा क्षय आहे, जो आपल्या देशात विसरून चालणारच नाही. जन्मतः गर्भाशयच नसलेल्या मुली आहेत, ज्यांचं सगळं वयात येणं नेहमीसारखं होतं आणि फक्त पाळी येत नाही. आणि गर्भधारणाही आहे, ती नाकारून कसं चालेल? लघवीची साधी तपासणी पाच मिनिटांत उत्तर देते. ती करायलाच हवी, फक्त ती चौकशीतली पहिली पायरी म्हणून, आईला खोलीबाहेर बसवून, मुलीला कारण सांगून. आरोपपत्र म्हणून नव्हे.

इतकी कारणं असताना आपण सध्या एका शब्दावर सगळं उरकतो: पीसीओडी, म्हणजे त्या दुसऱ्या मुलीसारखा, बीजकोशात बीज नीट न पिकण्याचा विकार. हॉस्टेलच्या एका खोलीत चार मुली असतील तर दोघी तरी हे निदान अंगावर घेऊन फिरत असतात. हा विकार खोटा नाही. स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी १९३५ मध्ये शिकागोत तो नोंदवला, आणि आपल्याकडे तो खूप आहे. पण किती आहे, हे कुठली मोजपट्टी लावता यावर ठरतं. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने मुंबईतल्या १५ ते २४ वयाच्या मुलींची पाहणी केली, ती २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. रॉटरडॅमचे निकष, म्हणजे ठरलेल्या तीन लक्षणांपैकी दोन असली की पुरे, हे लावले तर २२.५ टक्के मुलींना हा विकार. पुरुषी संप्रेरकं वाढलेली असलीच पाहिजेत असा दुसरा, कडक निकष लावला तर १०.७ टक्के. मुली त्याच. आणि सोनोग्राफीत दिसणाऱ्या ज्या ‘गाठी’ पाहून आया रडतात, त्या गाठी नसतातच. बीजाची ती छोटी घरं, पूर्ण न वाढलेली. वयात येणाऱ्या निरोगी मुलीच्या बीजकोशातही ती भरपूर दिसतात. म्हणूनच २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी स्पष्ट सांगितलं की पहिल्या पाळीनंतर आठ वर्षांच्या आत सोनोग्राफीवरून हे निदान करू नका. म्हणजे तेराव्या वर्षी पाळी आलेल्या मुलीला एकविसाव्या वर्षापर्यंत. आपल्याकडे पंधराव्या वर्षी सोनोग्राफी होते, रिपोर्टवर शब्द छापला जातो, आणि आईच्या डोळ्यांसमोर थेट मुलीचं लग्न, स्थळं, नातवंडं तरळू लागतात.

त्यानंतर गोळी. पाळी आणायची गोळी आणि पाळी लांबवायची गोळी, दोन्ही आपल्या मेडिकलच्या दुकानात तोंडी मागितल्या की मिळतात. श्रावण ते दिवाळी या दिवसांत लांबवायच्या गोळीचा खप वाढतो, असं आमच्या ओळखीचा दुकानदार सांगतो. मला त्यात अजिबात नवल वाटत नाही. माझ्या लग्नातली ‘अडचण’ अशीच पुढे ढकलली होती. डॉक्टरला विचारून एखाद्या वेळी घेतली तर आकाश कोसळत नाही. पण ज्या मुलीचं चक्र मुळातच बिघडलेलं आहे तिला दर सणाला ही गोळी द्यायची, आणि मग ‘हिची पाळी अशी का’ म्हणून हैराण व्हायचं, हा अजब न्याय आहे. नात्यातल्या कुणाला रक्ताच्या गुठळ्या झाल्या होत्या का, हेही दुकानदार विचारत नाही. आणि गोळ्या थांबवल्यावर दोन-चार दिवसांनी येणारा रक्तस्राव म्हणजे पाळी ‘रेग्युलर’ झाली असं नव्हे. औषधाचा आधार काढला म्हणून अस्तर सुटलं, एवढंच. आत थायरॉईड असेल तर तो तिथेच असतो. कधी कधी गोळ्या खरंच लागतात, अस्तर फार वाढू नये म्हणून तर नक्कीच लागतात. माझं भांडण कारण न शोधता दिलेल्या गोळीशी आहे.

सगळ्यात जुनं औषध मात्र दुकानात मिळत नाही. ‘लग्न झालं की सुरळीत होईल.’ हे वाक्य मी शिकल्या-सवरल्या बायकांच्या तोंडून ऐकलंय, एकदा तर पांढऱ्या कोटातल्या बाईंकडून. लग्नाने पिट्युटरीला काय कळतं, देव जाणे. कुटुंब आरोग्य पाहणीच्या त्याच पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के मुलींनी आपलं लग्न अठराच्या आत झाल्याचं सांगितलं, म्हणजे हे औषध आपण लवकरही देतो. त्यामागचा विचार उघड आहे. मुलीची पाळी ही तिच्या हाडांची, साखरेची, मनाची गोष्ट आहे असं आपण मानत नाही. ती होणाऱ्या मुलाची पूर्वतयारी. म्हणून लग्नाआधी ती लपवायची आणि लग्नानंतर वर्षभरात ‘काही नाही का’ विचारलं जाऊ लागलं की धावाधाव करायची. त्या मुलीला मधल्या सहा-सात वर्षांत काय काय अंगावर काढावं लागलं, याचा हिशोब कुणी मागत नाही.

तो न मागितल्याने काय होतं हे बीडने दाखवलं. ऊसतोडीच्या फडात खाडा या शब्दाला वेगळीच धार आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यातलं कुणी एक दिवस आलं नाही की खाडा पडतो आणि मुकादम उचलीतून, म्हणजे आगाऊ दिलेल्या मजुरीतून, पैसे कापतो. अशा ठिकाणी पाळीचं बिघडणं, अंगावरून जाणं, पोटात दुखणं या तपासायच्या गोष्टी राहत नाहीत, त्या खाड्याच्या गोष्टी होतात. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसाठी जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड कामगार महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. पिशवी काढली की कटकट मिटली. ‘बरंच आहे, ग्राउंडला अडचण नाही’ म्हणणारी माझी विद्यार्थिनी आणि ती बाई यांच्यात अंतर आहे, पण फार नाही. पाळी नसणं ही दोघींना सोय वाटली, कारण त्यांचं काम शरीराला दुसरं काही परवडू देत नव्हतं.

आता यावर एक आक्षेप येईल आणि तो मला खरा वाटतो. तारखा लिहा म्हणता, पण त्या तारखा कुणाच्या हाती लागतील? जुलै २०२५ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात एका शाळेच्या स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले, म्हणून मुलींना एकत्र करून कुणाची पाळी चालू आहे ते विचारलं गेलं, आणि नाही म्हणणाऱ्यांची कपडे उतरवून तपासणी झाली. गुन्हा दाखल झाला, पण त्या मुली आता कुठल्या बाईंना आपलं काही सांगतील? हॉस्टेलच्या रेक्टरने, आश्रमशाळेच्या अधीक्षिकेने किंवा घरात सासूने ठेवलेली पाळीची वही ही पहाऱ्याची वही असते. विटाळाच्या काळात तरी दुसरं काय होतं? आजीला सगळ्या सुनांच्या तारखा पाठ असायच्या, आणि त्यातून एकीचंही रक्त कमी आहे हे तिला कधी कळलं नाही. मोबाईलमधल्या ॲपबद्दलही मला तितकासा विश्वास नाही. आपल्या तारखा कुठे जाऊन बसतात हे आपल्याला कोण सांगणार? म्हणून माझा आग्रह साधा आहे: नोंद मुलीने स्वतः ठेवायची, स्वतःच्या वहीत, आणि दाखवायची की नाही हे तिने ठरवायचं. आईने शिकवायचं आणि मग मागे सरायचं. हे मागे सरणं आयांना फार जड जातं, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते.

सरकारकडे नवीन योजना मागायचीही गरज नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच पालघरमध्ये सुरू झाला. त्याच्या पथकात डॉक्टर असतात, ते शाळेत येतात, आणि किशोरवयीन मुलींसाठी विचारायच्या प्रश्नांत पाळी उशिरा येणं, अनियमित येणं, पाळीत दुखणं हे सगळं छापलेलं आहे. रकाना आहे! तो भरतो कसा, हे मी पाहिलंय. वर्गाबाहेर मुलींची रांग, शेजारी उपस्थिती घेणारे सर, मागे खिदळणारी पोरं, आणि नर्सबाई दमलेल्या आवाजात विचारतात, “पाळी नीट येते ना?” ‘ना’ लावून विचारलेल्या प्रश्नाला मुलगी काय उत्तर देणार? मान हलते, रकान्यात बरोबरची खूण पडते, पुढची. एक वेगळी खोली, एक बाई डॉक्टर, आणि ‘नीट येते ना’ऐवजी ‘शेवटची कधी आली होती, त्याच्या आधीची कधी?’ हे दोन प्रश्न, एवढ्याने त्याच पथकाच्या हाती वेगळंच काही लागेल. आठवीच्या मुलींना महिनाभर आधी तारीख लिहायला शिकवलेलं असेल तर त्यांना उत्तरही देता येईल. आणि नव्वद दिवसांवरचं उत्तर आलं तर त्या मुलीला पुढे कुठे पाठवायचं हे नर्सबाईंना ठाऊक हवं. लघवीची तपासणी, हिमोग्लोबिन, थायरॉईड, प्रोलॅक्टिन, लागली तर साखर, आणि सगळ्यात आधी ‘जेवतेस का नीट?’ एवढा प्रश्न. सोनोग्राफीचा नंबर यानंतर.

मुलांचं काय, असं एका पालकसभेत एका वडिलांनी विचारलं होतं, थोडं कुत्सितपणे. त्यांच्या मुलीला चार महिने पाळी नव्हती आणि ते त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी गप्प बसले, कारण ते तिचं होतं.

भरतीवाल्या मुलीला मी जिल्ह्याच्या ठिकाणी एका बाई डॉक्टरांकडे नेलं. तिच्या आईला आधी वाटलं ते वाटलंच. लघवीच्या तपासणीचा निकाल येईपर्यंत ती बाकावर डोळे मिटून बसली होती. नंतर डॉक्टरांनी नडगीचा एक्स-रे काढला, दोन महिने धावणं थांबवलं, आणि आईला सांगितलं की रोज एक भाकरी, अंडी आणि शेंगदाण्याची मूठ वाढवा. आई म्हणाली, “एवढंच?” डॉक्टर म्हणाल्या, “एवढंच, पण पाच महिने.” मुलगी रडली, कारण त्या वर्षीची भरती हातची गेली. पाळी यायला पाचाऐवजी साडेसहा महिने लागले. पुढच्या हंगामात ती पुन्हा ग्राउंडवर होती. मला वही दाखवायला आली तेव्हा डाव्या बाजूला आठशे मीटरच्या वेळा होत्या आणि समासात, लाल पेनाने, अधूनमधून नुसतेच आकडे. मी बोट ठेवलं तर तिने वही पटकन मिटली आणि हसली.